शब्द पुस्तकात, चाल कंठात : पहिल्या संगीत-पॉडकास्टची तयारी

स्तवनांची जुनी हस्तलिखिते किंवा त्यांवरून छापलेली पुस्तके उघडली, तर पुष्कळ रचनांच्या माथ्यावर एक छोटी सूचना आढळते. 'देशी' हा शब्द आणि त्यापुढे त्या काळी लोकांच्या तोंडी असलेल्या एखाद्या गीताचे आरंभीचे चार शब्द. हे स्तवन त्या गीताच्या चालीवर म्हणावे, एवढाच त्याचा अर्थ. कवीला स्वरलेखन करण्याचे कारण नव्हते. चाल गावाला ठाऊक होती. मोहनलाल दलीचंद देसाई यांनी 'जैन गुर्जर कविओ' हा थोर संदर्भग्रंथ सिद्ध केला, तेव्हा अशा देशींची सूचीही त्यात दिली. ती सूची चाळताना मन थबकते. चालींची नावे आहेत, त्या चालींवर रचलेली पदेही आहेत. परंतु त्यांतील कित्येक चाली आज कोणाच्याच गळ्यात उरलेल्या नाहीत. खतावणीत खात्याचे नाव सुवाच्य अक्षरांत लिहिलेले असावे आणि रकमेचा रकाना मात्र कोरा असावा, तशी ही अवस्था आहे.

जैन समाजाने शब्द जपले, यात शंका नाही. ज्ञानभांडारांनी पोथ्या सांभाळल्या. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेसारख्या संस्थांनी जुने जैन वाङ्मय संपादित करून छापले. संगीतशास्त्राचीही आपल्याकडे उपेक्षा झाली नाही. पार्श्वदेवांचा 'संगीतसमयसार' आणि सुधाकलश यांचा १३५० मधील 'संगीतोपनिषत्सारोद्धार' हे ग्रंथ त्याची साक्ष देतात. मात्र श्राविकेच्या कंठातील चाल जपण्याचे साधन त्या काळात कोणापाशीच नव्हते. आज ते साधन प्रत्येकाच्या खिशात आहे. त्याचा उपयोग कसा करावा, हा या लेखाचा विषय आहे.

घराघरांतील ठेव

दादी म्हणा, बा म्हणा की आजी. सामायिक आटोपल्यावर किंवा पहाटे कामाला लागण्यापूर्वी ती जे स्तवन गुणगुणते, त्याचे शब्द शेजारच्या घरातील पुस्तकातही असतात. चाल मात्र तिच्या माहेरची असते. मारवाडातून अहिल्यानगरला, पालनपूरहून मुंबईला, बेळगावहून इचलकरंजीला सासरी आलेल्या मुलींनी दागिन्यांबरोबर या चालीही आणल्या. दागिन्यांची नोंद घरात कोठे ना कोठे असते. चालींची नोंद कोणी केली नाही. पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात मंदिरात ध्वनिक्षेपकावरून जी स्तवने वाजतात, ती बहुधा बाजारातील ध्वनिमुद्रिकांची असतात. ती ऐकून वाढलेल्या नातवंडांना तीच चाल 'खरी' वाटू लागते आणि आजीची चाल 'चुकीची' ठरते. या एका समजुतीने दोन पिढ्यांत एखादी चाल नाहीशी होऊ शकते.

स्वरलेखनाने चाल टिकणार नाही का, असा प्रश्न कोणी विचारील. मुंबईत वकिली करणाऱ्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी गायकांकडून शेकडो बंदिशी मिळवून त्या 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत स्वरलिपीसह छापल्या. ते कार्य अलौकिकच आहे. तरीही कागदावर उतरतो तो चालीचा सांगाडा. श्वास कोठे घेतला, कोणत्या अक्षरावर आवाज किंचित रेंगाळला, ध्रुवपद आले की बाकीच्या बायांनी ते कसे उचलले, हे ऐकल्यावाचून कळत नाही.

पॉडकास्ट म्हणजे नेमके काय

पॉडकास्ट म्हणजे इंटरनेटवरून भागाभागांनी प्रसिद्ध होणारा श्राव्य कार्यक्रम. हा शब्द २००४ मध्ये ब्रिटनमधील 'द गार्डियन' या वृत्तपत्रात पत्रकार बेन हॅमर्सली यांनी प्रथम वापरला. जून २००५ मध्ये अ‍ॅपल कंपनीने आपल्या आयट्यून्समध्ये पॉडकास्टला स्थान दिले आणि हा प्रकार सामान्य श्रोत्यांपर्यंत पोहोचला. मासिकाची वर्गणी एकदा भरली की अंक आपोआप घरी येतो. पॉडकास्टचेही तसेच आहे. श्रोत्याने एकदा नोंद केली की नवा भाग त्याच्या फोनवर आपोआप दिसतो, आणि तो सवडीने, प्रवासात किंवा दुकान उघडताना ऐकता येतो.

भारतात १९०२ साली ग्रामोफोनचे ध्वनिमुद्रण सुरू झाले, तेव्हा कोलकात्यात गौहरजान यांच्यासारख्या गायिकांना आपले गाणे सुमारे तीन मिनिटांत बसवावे लागले. तबकडीवर तेवढीच जागा असे. पॉडकास्टला ते बंधन नाही. स्तवनाची सर्व कडवी सावकाश, घरच्या लयीत गाता येतात. घरगुती गायनासाठी हे माध्यम सोयीचे ठरते ते यामुळेच.

आरंभ कोठून करावा

नवशिक्यांचा पहिला मोह मोठ्या संकल्पाचा असतो. दर आठवड्याला एक भाग अशी घोषणा होते आणि चौथ्या आठवड्यात हुरूप ओसरतो. व्यापारी कुटुंबांना सांगायला नको की, माल हातात असल्याशिवाय ऑर्डर स्वीकारू नये. तीन भाग पूर्ण तयार झाल्यानंतरच पहिला भाग प्रसिद्ध करावा. पुढे संख्या आधीच ठरवावी. श्वेतांबर कुटुंबाला पर्युषणाचे आठ दिवस, दिगंबर कुटुंबाला दशलक्षणाचे दहा दिवस, या स्वाभाविक मर्यादा आहेत. हुरूप टिकला तर चोवीस तीर्थंकरांची 'चोवीसी' हा तर आपल्या परंपरेने आखून दिलेला चोवीस भागांचा क्रमच आहे. सतराव्या शतकातील आनंदघनजींच्या चोवीसीतील बावीस स्तवने त्यांची मानली जातात; उरलेल्या दोघा तीर्थंकरांची स्तवने पुढे इतरांनी रचून जोडली. काम अपुरे राहिले तरी पुढचा कोणी ते पूर्ण करतो, हा दिलासा पहिल्यांदाच हे काम हाती घेणाऱ्याने मनाशी ठेवावा.

एका भागात एकच स्तवन घ्यावे. आरंभी गाणाऱ्या व्यक्तीची ओळख आणि ही चाल त्यांना कोणाकडून, कोणत्या गावी मिळाली याचे दोन मिनिटे निवेदन. मग कठीण शब्दांचा अर्थ. त्यानंतर अखंड स्तवन. आणि शेवटी एखादी आठवण. दहा ते पंधरा मिनिटे पुष्कळ झाली. चालीच्या मुळाची माहिती वगळू नये. ती नसेल तर उद्याच्या श्रोत्याला पुन्हा नुसते 'देशी'चे नावच मिळेल.

कापडाचे दुकान, उत्तम स्टुडिओ

ध्वनिमुद्रणासाठी महागड्या उपकरणांची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती योग्य खोलीची. फरशी, काच आणि उघड्या भिंती आवाज परत फेकतात आणि गाणे न्हाणीघरात गायल्यासारखे घुमते. कापड, गाद्या, उशा आवाज शोषून घेतात. या दृष्टीने कापडाच्या ताक्यांनी भरलेले गोदाम किंवा साड्यांच्या दुकानाचा पोटमाळा ही सहज मिळणारी उत्तम जागा होय. दुकान बंद झाल्यावर तेथे बसावे. ज्यांच्याकडे तशी सोय नाही त्यांनी शयनगृहात कपाटाची दारे उघडून, जाड पडदे ओढून, खाली गादी घालून बसावे. मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवावी. टाळीमागून बारीक झंकार ऐकू आला, तर आणखी कापड हवे असे समजावे.

पंखा, वातानुकूलन यंत्र आणि शेजारच्या खोलीतील फ्रीज बंद करावा. फोन 'एअरप्लेन मोड'वर ठेवावा, म्हणजे गाण्याच्या मध्यात कोणाचा फोन येणार नाही. फोन तोंडापासून साधारण एक वीत अंतरावर, किंचित बाजूला, पुस्तकांच्या चळतीवर ठेवावा. हातात धरू नये. गाण्यातला आवाज बोलण्यापेक्षा पुष्कळ चढतो. म्हणून स्तवनातील सर्वांत उंच स्वराची ओळ आधी गाऊन पाहावी. ती फाटली, तर फोन थोडा दूर सरकवावा. फाटलेला आवाज नंतर कोणत्याही उपायाने दुरुस्त होत नाही. हळू आलेला आवाज मात्र वाढवता येतो.

संगीताच्या बाबतीत एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. फोन आणि व्हिडिओ कॉलची अ‍ॅप्स बोलणे स्वच्छ ऐकू यावे म्हणून सतत चालणारा आवाज 'गोंगाट' समजून पुसून टाकतात. तानपुऱ्याचा षड्ज, पेटीचा लांब स्वर, आलापातील ठेहराव हे त्या यंत्रणेला पंख्याच्या घरघरीसारखेच भासतात. त्यामुळे अँटवर्पमध्ये स्थायिक झालेल्या आत्याचे स्तवन कॉलवरून मुद्रित केले, तर स्वर मध्येच तुटतात. आत्याने आपल्याच फोनवर मुद्रण करून ती फाइल पाठवावी, हे उत्तम. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवल्यास तिची प्रत उतरते. म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी.

साथीचा अट्टहास नसावा. नातवाला पेटी येत असेल तरी प्रथम आजीला साथीवाचून गाऊ द्यावे आणि तिची पट्टी कोणती ते पाहावे. पेटीची पट्टी आधी ठरवून वयोवृद्ध कंठाला तिच्यामागे ओढू नये. श्वास अपुरा पडला, मध्ये खोकला आला, तर त्या कडव्यापासून पुन्हा म्हणावे. जोडणी नंतर करता येते. एका बैठकीत एकाहून अधिक स्तवने घेण्याची घाई करू नये.

जोडणी आणि जतन

जोडणीसाठी 'ऑडॅसिटी' ही संगणकावरील विनामूल्य प्रणाली पुरेशी आहे. नको असलेला भाग कापणे, दोन तुकडे जोडणे आणि सर्व भागांच्या आवाजाची पातळी सारखी करणे, एवढीच कामे नवशिक्याने करावीत. पॉडकास्टसाठी अ‍ॅपलची शिफारस आवाजाची सरासरी पातळी सुमारे उणे १६ एलयूएफएस ठेवण्याची आहे. ऑडॅसिटीत हा आकडा लिहिला की पातळी आपोआप जुळते. आजीच्या आवाजातील कंप 'सुधारण्या'साठी सुरांची यांत्रिक दुरुस्ती करू नये. जी चाल जपण्यासाठी हा खटाटोप, तिचीच त्या दुरुस्तीत मोडतोड होते.

मूळ मुद्रण 'वेव्ह' स्वरूपात ठेवावे. सीडीच्या दर्जाचे दुहेरी मार्गिकेचे मुद्रण मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेते. एकेरी मार्गिकेचे त्याच्या निम्मी. प्रसारणासाठी 'एमपी३' प्रत काढली की १२८ केबीपीएस दराने मिनिटाला जेमतेम १ एमबी लागते. श्रोत्यांना एमपी३ द्यावी. वेव्ह ही घरची मुद्दल समजावी आणि तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. प्रसिद्ध करण्याचे ठिकाण कायमचे असेल असे गृहीत धरू नये. गुगलचे स्वतंत्र पॉडकास्ट अ‍ॅप २०२४ मध्ये बंद झाले. ज्यांच्याकडे मूळ फाइली घरी असतात, त्यांचे अशा प्रसंगी काही बिघडत नाही.

हक्कांचा हिशेब

संगीताच्या पॉडकास्टमध्ये सर्वांत मोठी अडचण यंत्राची नसून हक्कांची असते. जुन्या कवींनी लोकगीतांच्या देशी घेतल्या; त्याच रीतीने आजच्या कित्येक स्तवनसंग्रहांत पदाच्या माथ्यावर एखाद्या चित्रपटगीताचे नाव असते. रीत तीच आहे, परंतु मध्यंतरी कायदा आला आहे. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार एकाच गाण्यात निदान तीन वेगवेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. शब्द आणि चाल यांचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. एखादे कवी १९७० मध्ये निवर्तले असतील, तर त्यांच्या पदावरील हक्क २०३० अखेरपर्यंत चालू राहील. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षापासून ६० वर्षांचा असतो.

यावरून उलगडा सोपा होतो. आनंदघनजी किंवा उपाध्याय यशोविजयजी यांची सतराव्या शतकातील पदे माहेरच्या परंपरागत चालीवर आजीने गायली, तर शब्दांची चिंता नाही, चालीची नाही आणि मुद्रण तर घरचेच. तेच पद चित्रपटगीताच्या चालीवर गायले, तर चालीचा हक्क संगीतकाराचा किंवा कंपनीचा ठरू शकतो आणि परवानगी आवश्यक होते. बाजारातील ध्वनिमुद्रिकेचा तुकडा पार्श्वसंगीत म्हणून लावला, तर तिन्ही हक्कांचा प्रश्न उभा राहतो. 'तीस सेकंदांपर्यंत चालते' अशी समजूत प्रचलित आहे. कायद्यात असे कोणतेही कलम नाही. 'आम्ही पैसे घेत नाही' हा युक्तिवादही येथे उपयोगी पडत नाही. मंदिरातील पूजेसारख्या खऱ्या धार्मिक विधीत गाण्याला कायद्याने मोकळीक दिली आहे. तेच गाणे मुद्रित करून जगभर प्रसारित करणे ही वेगळी कृती आहे. आधुनिक पुस्तकातील भावार्थ जसाच्या तसा वाचण्यालाही परवानगी लागते. अर्थ आपल्या शब्दांत सांगावा. अचौर्य हे आपले व्रतच असल्याने या बाबतीत अधिक सांगणे नको.

गाणाऱ्या व्यक्तीचाही स्वतंत्र हक्क कायद्याने मान्य केला आहे. घरातील वडीलधाऱ्या माणसालाही आधी समजावून सांगावे की, हा आवाज अनोळखी लोक ऐकतील. आणि त्यांची संमती साध्या चिठ्ठीवर तारखेसह घ्यावी. संकोच वाटत असेल तर मुद्रण करावे, परंतु ते कुटुंबापुरते ठेवावे. जतन झाले, हेही थोडे नाही. साधु-साध्वीजींच्या बाबतीत अधिक काळजी घ्यावी. अनेक समुदायांत विद्युत्-उपकरणे आणि ध्वनिक्षेपक वापरण्याविषयी स्पष्ट मर्यादा आहेत. व्याख्यानात फोन लपवून केलेले मुद्रण ही श्रुतभक्ती होत नाही. त्यांच्याकडून पदाचा अर्थ, पाठशुद्धी, चालीचा इतिहास अवश्य समजून घ्यावा आणि निवेदन श्रावक-श्राविकांनी आपल्या आवाजात करावे.

प्रसिद्धी आणि त्यानंतर

फाइल तयार झाली की ती एखाद्या होस्टिंग सेवेवर चढवायची असते. स्पॉटिफायची अशी विनामूल्य सेवा उपलब्ध आहे. तेथे कार्यक्रमाचे नाव, भाषा, चार ओळींचे वर्णन आणि मुखचित्र द्यावे लागते. अ‍ॅपलच्या नियमानुसार चित्र चौरस आणि १४०० ते ३००० पिक्सेलचे हवे. त्यावर मोठ्या देवनागरी अक्षरांत नाव असावे. फोनवर ते नखाएवढे दिसते. होस्टिंग सेवा जो एक पत्ता देते, त्याला आरएसएस फीड म्हणतात. तोच पत्ता अन्य अ‍ॅप्सना दिला की प्रत्येक नवा भाग सर्वत्र आपोआप पोहोचतो. प्रत्येक भागाच्या नावात स्तवनाचे पहिले शब्द, कवी आणि तीर्थंकर यांचा उल्लेख असावा. शोधणाऱ्याला तोच धागा सापडतो.

हे खाते कोणाच्या नावावर आहे, पासवर्ड कोणापाशी आहे, याची नोंद घरात दोघांना ठाऊक असावी. बँकेतील ठेवीला नामनिर्देशन करतात, तशीच ही व्यवस्था समजावी. मुलगी सासरी गेली किंवा मुलगा परदेशी गेला म्हणून कार्यक्रम बंद पडता कामा नये.

श्रोत्यांच्या आकड्याकडे पहिल्या वर्षी पाहूच नये. पहिला भाग वीस जणांनी ऐकला, तर ते वीस जण बहुधा मामा, मावशी, चुलत भावंडे आणि आजीच्या माहेरची माणसे असतात. त्यांच्यापैकीच एखादी मावशी फोन करून सांगते की, तिसऱ्या कडव्याची चाल आमच्या आईची थोडी वेगळी होती. त्या क्षणी दुसऱ्या भागाची सामग्री हाती येते. मावशीलाही फोनसमोर बसवावे, दोन्ही चाली शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि कोणती खरी याचा निवाडा करू नये. अनेकान्ताची शिकवण पाठशाळेत देता येते, तशी ती येथेही देता येते.

येणाऱ्या चातुर्मासात घरातील एका वडीलधाऱ्या माणसाकडून एक स्तवन, सर्व कडव्यांसह, मुद्रित करून घ्यावे. पॉडकास्टचे नाव, मुखचित्र, होस्टिंग हे सारे पुढील महिन्यातही करता येईल. कंठ मात्र वाट पाहत थांबत नाही.